सुप्याविषयीचे संशोधन आणि विद्यापीठांची डिजिटल भांडारे

उत्तर कन्नड जिल्ह्यातील काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावरचे जुने सुपा गाव १९८७ साली पूर्ण झालेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या जलाशयात बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. त्यामुळे त्या परिसराचा भूतकाळ समजून घेताना जाणत्यांच्या आठवणींइतकेच लेखी अभ्यासही मोलाचे ठरतात.

हे अभ्यास मात्र एका जागी साठले नाहीत. हा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या पंधराव्या खंडात त्याची सविस्तर नोंद झाली आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला; तत्पूर्वीच, १९४९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठामुळे, उच्च शिक्षणाचे केंद्र मुंबईहून धारवाडकडे सरकू लागले होते. पुढे माधव गाडगीळ यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून या जिल्ह्यातील बांबू, देवराया व वनवापर यांचा अभ्यास केला. अशा रीतीने एकाच मुलखाचे ज्ञान दूरदूरच्या शहरांत विभागले गेले, आणि पीएच.डी.चे प्रबंध तर मोजक्या टंकलिखित प्रतींच्या रूपाने ग्रंथालयांच्या कपाटांतच राहिले.

संस्थात्मक भांडार, म्हणजे संस्थेतील संशोधकांचे लेखन कायम जतन करून ते सर्वांना विनामूल्य खुले ठेवणारा संगणकीय संग्रह, हा या अडचणीवरचा उपाय ठरला. म्हैसूर विद्यापीठात २००० साली प्रबंधांसाठी ‘विद्यानिधी’ उपक्रम सुरू झाला, तर २००२ साली भारतीय विज्ञान संस्थेने आपले भांडार उभारले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पदवी जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत प्रबंधाची संगणकीय प्रत देणे विद्यापीठांना बंधनकारक केले, आणि पुण्याच्या ‘आयुका’चा प्रकल्प म्हणून १९९१ साली सुरू झालेल्या ‘इन्फ्लिबनेट’ या संस्थेच्या ‘शोधगंगा’ भांडारात हे प्रबंध जमू लागले. तेथे प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरण यांच्या फायली सहसा वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे नेटवर्क जेमतेम मिळणाऱ्या डोंगरी गावातील वाचकालाही हवे ते एकच प्रकरण उतरवून घेता येते.

तथापि, केवळ पाने स्कॅन केल्याने भांडार उपयोगी ठरत नाही. शीर्षक, विषय, स्थळ आणि वर्ष सांगणारी वर्णननोंद नेमकी नसेल, तर प्रबंध संग्रहात असूनही शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. म्हणून या तालुक्यावरील प्रत्येक नोंदीत ‘सुपा’ आणि ‘जोयडा’ ही दोन्ही नावे यायला हवीत. ज्यांच्या जमिनी, जंगले आणि स्मृती या संशोधनाचा विषय झाल्या, त्या लोकांना ते सहज वाचता यावे, हे विद्यापीठांचे कर्तव्यच आहे.