आगटीतले भरीत

नगरचा इतिहास म्हटला की आपल्याला किल्ला आठवतो. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांच्या सुरुंगाने तट फुटला, चांदबिबीने रातोरात खिंडार बुजविले आणि १६०० मध्ये अखेर किल्ला पडला, हे शाळकरी पोरही सांगेल. तटाबाहेरच्या रानात माणसे काय भाजीत आणि कोणाच्या पंक्तीला बसून खात, हे मात्र कोणी लिहून ठेविले नाही. मला ओढ आहे ती त्याचीच.

जामखेड-कर्जतकडे पौषात ज्वारीचा दाणा भरतो, पण त्यातले दूध आटलेले नसते. तेव्हा बांधाशी खड्डा घेऊन गोवऱ्या पेटवितात आणि आरात कणसे भाजून हुरडा चोळतात. हीच आगटी. कणसांचा भर ओसरला की उरलेल्या आरावर वांग्यांचा हक्क! साल कोळसा होईतो वांगे आपल्याच वाफेत शिजते. देठाशी बोट रुतले की झाले. मग राख झटकून गर परातीत कुस्करावा, मीठ, ठेचलेली मिरची, लसूण आणि दाण्याचे कूट घालावे. दही मात्र शेवटी, गर कोमट झाल्यावर. एरवी ते फुटते. हल्ली शहरात यावर चीज किसून भट्टीत ठेवणारेही आहेत. ठेवोत बापडे. घट्ट सायीचे दही ज्याने चाखले आहे, त्याला त्याची गरज पडू नये.

वांगे आपल्याकडचेच. संस्कृतातील ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाले, अरबांबरोबर स्पेनला पोहोचले आणि फ्रेंचांच्या तोंडी ‘ओबर्झिन’ होऊन बसले. उलट मिरची आणि भुईमूग ही अमेरिकेची पिके, पोर्तुगीज आल्यानंतरची. नगरच्या वेढ्याच्या दशकातच लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’त वांग्याची एक कृती आहे: १० शेर वांग्यांना दीड शेर तूप, पावणेचार शेर कांदा, आले, लिंबाचा रस, मिरी, धने, लवंग, वेलदोडा आणि हिंग. मिरचीचे नाव नाही! म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल गावरान’ म्हणतो, ते भरीत मोगलांच्या तोफांहूनही अलीकडचे ठरते.

परात एक असे, हे खरे. पण ती सर्वांची नसे. रात्रभर पीक राखणारा माणूस अस्पृश्य ठरविलेल्या जातीचा असला, की त्याचा वाटा वेगळा काढून दुरून दिला जाई. आगटीची ऊब जातीला ओळखत नव्हती, खाणारे ओळखीत होते. ‘पूर्वी सारे एकत्र खात’ असे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळे. सारे म्हणजे कोण, एवढे त्यांनी सांगावे.

पुढे जिल्ह्याचेच दोन भाग पडले. उत्तरेला कालवे आले, १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाने ज्वारीला मागे सारले. दक्षिणेला पाऊसच बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळात कणसेच नव्हती, तेथे हुरडा कसला! राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पुढे ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ असे खास हुरड्याचे वाण काढले.

आता पुण्या-मुंबईची मंडळी पैसे मोजून हुरडा खायला येतात. जात कोणी विचारीत नाही. मी गेलो तेथे भरीत मात्र ज्याच्या त्याच्या वाटीत वाढले होते. परात मागितली, तेव्हा आली.