‘अकिलीस’ची ‘दिल्ली’ झाली त्याआधी

मंठाळच्या माळावर उभे राहून कितीही दूर पाहिले तरी समुद्र दृष्टीस पडत नाही. हा मुलूख ज्या निजामी राज्यात होता, त्यास एकही बंदर नव्हते. अखेरच्या दिवसांत निजामाची नजर गोव्याच्या मुरगाव बंदरावर खिळली होती ती त्यामुळेच. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. त्याच महिन्यात भारताची पहिली क्रूझर ‘दिल्ली’ मुंबई बंदरात दाखल झाली. दोन्ही गोष्टींचा परस्परसंबंध काही नाही. पण तेव्हापासून ही नौका आम्हांस परकी वाटत नाही.

तिचे पहिले नाव ‘अकिलीस’. ते उच्चारताच लोकांस १३ डिसेंबर १९३९ ची प्लेट नदीच्या मुखाजवळची लढाई आठवते. ‘एजॅक्स’ व ‘एक्झेटर’ यांच्या साथीने ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेवर तिने तोफा डागल्या, आणि चार दिवसांनी जर्मनांनी आपली नौका माँटेव्हिडिओसमोर स्वतःच बुडविली. त्या दीड तासाच्या चकमकीवर पुष्कळ लिहिले गेले. तत्पूर्वीच्या सहा शांत वर्षांकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही, आणि आमच्या मते आपल्या दृष्टीने खरा इतिहास तेथेच आहे.

या नौकेचा जन्म दारूगोळ्याइतकाच कायद्याच्या कागदांतून झाला. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने क्रूझरला दहा हजार टनांची व आठ इंची तोफांची मर्यादा घातली. मग जो तो त्या मर्यादेला टेकेल एवढी मोठी नौका बांधू लागला. ब्रिटनची अडचण निराळी होती. साम्राज्याचे सागरी मार्ग इतके लांब पसरले होते की, थोड्या बलाढ्य नौकांपेक्षा पुष्कळशा मध्यम नौका त्यास हव्या होत्या. २२ एप्रिल १९३० रोजी लंडनच्या तहावर सह्या झाल्या आणि सहा इंची तोफांच्या क्रूझरांसाठी ब्रिटनच्या वाट्याला १,९२,२०० टन आले. एकूण टनभार ठरून गेल्यावर नौका जितकी लहान, तितकी तिची संख्या अधिक, हा हिशेब सरळ होता. (त्याच महिन्यात दांडीस मीठ उचलले गेले होते व पुढल्या महिन्यात ते लोण शिरोड्यास पोहोचले, हे कोकणच्या वाचकांस सांगावयास नको.)

सुमारे सात हजार टनांची, चार फिरत्या बुरुजांत सहा इंची आठ तोफा बसविलेली ‘अकिलीस’ बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत बांधली गेली. १ सप्टेंबर १९३२ रोजी तिचे जलावतरण झाले व पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती सेवेत आली. प्रथम ती ब्रिटनच्या होम फ्लीटमध्ये होती. ३१ मार्च १९३६ रोजी जुन्या ‘डायोमीड’च्या जागी तिला न्यूझीलंडकडे उसनी देण्यात आली.

हा उसनवारीचा व्यवहार वकिलाच्या नजरेने पाहण्याजोगा आहे. मालकी अ‍ॅडमिरल्टीची, चालविण्याचा खर्च न्यूझीलंडचा. अधिकारी बहुतेक ब्रिटिश; पण खलाशांत तेथील तरुण भरती होत गेले. प्लेटच्या लढाईच्या वेळी नौकेवरील निम्म्याहून अधिक माणसे न्यूझीलंडची होती. युद्ध जाहीर होण्यापूर्वी, २९ ऑगस्ट १९३९ रोजी, तिने ऑकलंड सोडले. पुढे १९४१ मध्ये त्या देशाचे स्वतंत्र नौदल उभे राहिले, ते या शिकलेल्या माणसांच्या बळावर.

आता आपली गोष्ट पाहा. हिंदुस्थानही पैसे देतच होता. ब्रिटिश आरमारासाठी वर्षाला एक लाख पौंड आपल्या तिजोरीतून जात, ते १९३८ पर्यंत. त्याबदली क्रूझर तर नाहीच, क्रूझरवर शिकण्याची सोयही मिळाली नाही. १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन मरीन’ची ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झाली. नाव मोठे झाले, नौका स्लूपच्या वर गेल्या नाहीत. खलाशांची वाण होती म्हणावे, तर तेही खोटे. मरीनच्या खलाशांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा, त्यातही कोकणी मुसलमानांचा होता. माणसे होती, पैसा होता. नव्हता तो केवळ विश्वास. वसाहतीला डोमिनियनचा दर्जा नसला म्हणजे काय होते, ते येथे आकड्यांत दिसते.

५ जुलै १९४८ रोजी नौका आपल्या नौदलात आली. तेव्हा तिला पंधराहून अधिक वर्षे झाली होती, आणि तिचा एक बुरूज युद्धात बाँब पडल्यानंतर काढून टाकलेला होता. तोफा उरल्या होत्या सहा. त्या वर्षी आपल्या नौदलाचे प्रमुख झालेले व्हाइस अ‍ॅडमिरल एडवर्ड पॅरी हेच प्लेटच्या लढाईत तिचे कप्तान होते, हा योगायोग मोठा विलक्षण! जुनी नौका गळ्यात मारली, अशी तक्रार करणाऱ्यांस आमचे एवढेच म्हणणे आहे की, मोठी नौका चालविण्याचे जे शिक्षण १९३६ मध्ये मिळावयास हवे होते, ते आपल्या माणसांना हिच्याच डेकवर मिळाले.

डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याबरोबर दीव मुक्त झाले, तेव्हा दीवच्या किल्ल्यासमोर याच तोफा धडाडल्या. ३० जून १९७८ रोजी मुंबईस ती सेवेतून निवृत्त झाली व पुढे मोडीत निघाली. तिचा एक बुरूज तेवढा भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर तो आजही उभा आहे.