मिश्रीची कुळकथा

हिरड्या ठणकायला लागल्या की धाराशिवकडच्या खेड्यापाड्यांत अजूनही ठरलेला सल्ला मिळतो: "जरा मिश्री लाव, बरं वाटंल." आणि खरंच बरं वाटतं. मिश्री पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती त्यामुळेच, आणि घातही तिथेच झाला.

मिश्री घरीच होते. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर टाकायची, उलथन्यानं परतत राहायची. धुराचा ठसका घरभर पसरतो, शेजारणीला न सांगता कळतं. पानं काळीकुट्ट झाली की चुरायची, फडक्यातून गाळायची आणि डबीत भरायची. सकाळी चिमूटभर पूड बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवायची. मग दुपारी कामं आटोपल्यावर एकदा, झोपताना एकदा. दात घासायला म्हणून आलेली वस्तू अशी तलफ होऊन बसते. विडी ओढणाऱ्या बाईला नावं ठेवणारं घर मिश्री लावणाऱ्या सासूला काही म्हणत नाही, कारण ती 'दातांसाठी' असते.

तंबाखू इथली नव्हे. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर उतरवली आणि तिथून ती विजापूरला पोचली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला, तेव्हा ही चीज त्यानं पहिल्यांदा तिथंच पाहिली आणि बादशहासाठी आग्र्याला नेली. बादशहानं झुरका घेतला, पण ग्रंथांत नसलेलं औषध कसं द्यायचं, अशी हकिमांनी हरकत घेतली. विजापूरच्या गादीवर तेव्हा दुसरा इब्राहिम आदिलशहा होता. धाराशिवकडच्या नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल त्याच्याच कारकिर्दीतला. म्हणजे दिल्ली-आग्र्याला तंबाखू ठाऊक होण्याआधी ती आपल्या मुलखाच्या राजधानीत पोचली होती. युरोपात तर ती औषध म्हणूनच गाजत होती. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस यानं १५७१ मध्ये तिचे गुण सांगताना दातदुखीही त्या यादीत घातली होती.

इकडे हिरड्यांना काहीतरी चोळायची रीत जुनीच होती. हिरडा, बेहडा, तुरटी, बाभळीची साल असे तुरट पदार्थ सुजलेली हिरडी आवळून धरतात. बाभूळ तर या दुष्काळी माळाचंच झाड. चोळायच्या या जुन्या सवयीत नवी तंबाखू सहज शिरली. तंबाखूतल्या निकोटिनानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं कमी दिसतं, ठणकाही बोथट होतो. रोग मात्र आत चालूच राहतो. हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.

जुन्या वैद्यकात चोळणं हे अर्धंच औषध होतं. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग सांगितले आहेत. दातांवर चढलेल्या कीटणाला तिथं दंतशर्करा म्हटलं आहे. हिरडीला इजा न करता ती आधी खरवडून काढायची आणि मग लाखेचं चूर्ण मधातून लावायचं, असा क्रम दिला आहे. त्यासाठी दंतशंकू नावाचं शस्त्रही आहे. चोळण्याला पूडच लागते, खरवडण्याला शिकलेला हात लागतो. घरोघरी पूड उरली, हात गेला.

अमेरिकेत हार्टफर्डच्या जॉन रिग्ज (१८११–१८८५) या दंतवैद्यानंही हे खरवडणंच धरून ठेवलं. कीटण हिरडीखालूनही खरवडा, दात वाचतील, असं तो सांगत असे. आपण ज्याला पायोरिया म्हणतो त्याला तिकडे बराच काळ 'रिग्जचा रोग' म्हणत. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या ठीक झाल्या. रोगाचं मूळ दातावरच्या चिकट थरात आहे, हे त्यातून पक्कं झालं.

आजचे उपचारही याच वाटेनं जातात. आधी स्केलिंग, म्हणजे मशीननं किंवा हत्यारानं कीटण काढणं. रोग खोल गेला असेल तर जागा बधिर करून मुळांपर्यंत सफाई. त्यानंही भागलं नाही तर हिरडी उचलून आतून साफ करायची फ्लॅप शस्त्रक्रिया. औषधी गुळण्या आणि गोळ्या या जोडीला, त्यांच्या जागी नव्हेत. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय हिरडी धड होत नाही.

"दात साफ केले की हलायला लागतात," हे सगळीकडे ऐकू येतं. दात आधीच सैल झालेला असतो, कीटणानं तो थोपवून धरलेला असतो. कीटण निघालं आणि सूज ओसरली की फट दिसते. सफाईनं ती पाडलेली नसते.

तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये ती कायम ठेवली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही. तिथं घरच्या माणसांनीच बोलायला हवं. आईच्या किंवा सासूच्या हिरड्या दुखत असतील, तर तिला मिश्री आणून देऊ नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, दंतवैद्य कुठे बसतात ते विचारा आणि कीटण काढून घ्या.