वाड्याचा चौक वाचला, तर वाडा वाचेल

गोदाकाठचे जुने नाशिक म्हणजे वाड्यांची वस्ती. सराफ बाजार, तांबट लेन, तिळभांडेश्वर लेन आणि नदीपलीकडील पंचवटी या भागांत अरुंद गल्लीत दिंडी दरवाजा आणि आत उघडा चौक, अशी जुन्या घरांची रचना आढळते. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. खासगी वाड्यांना मात्र असे छत्र नाही.

चौकाचे काम

चौसोपी वाड्यात चौकाच्या चारही बाजूंना सोपे असतात. बाहेरच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असल्याने उजेड आणि वारा चौकातूनच मिळतो. पागोळ्यांचे पाणी फरसबंदीच्या उताराने मोरीवाटे बाहेर जाते. आड, तुळशी वृंदावन, वाळवणे आणि घरची कार्ये यांची जागाही हीच.

चौक का बुजले?

एका कुटुंबाच्या वाड्यात पुढे अनेक भाडेकरू आले. चौकात पत्र्याच्या शेड, न्हाणीघरे, अडगळ आणि दुचाकी आल्या. मोरी तुंबली, की पाणी जोत्यात मुरते, खांबांचे पाय कुजतात आणि मातीच्या भिंती फुगतात. पावसाळ्यात वाडे कोसळण्याच्या घटना त्यातूनच घडतात. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावल्या जातात. पण नोटिशीने दुरुस्ती होत नाही.

याचे मूळ भाड्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीस मुभा दिली. मात्र मूळ रक्कमच नगण्य होती. मालकाने दुरुस्ती टाळल्यास भाडेकरू नोटीस देऊन ती करू शकतो. परंतु वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच खर्च वळता होतो. तेवढ्यात वासाही बदलत नाही.

सुरुवात कोठून?

दुरुस्तीसाठी खोली सोडली, तर परत मिळणार नाही, ही भाडेकरूची धास्ती असते. कायद्यात पुन्हा ताबा मिळण्याची तरतूद असूनही ती जात नाही. चौक मात्र कोणाच्याच खोलीत मोडत नाही. वाडा राहण्याजोगा असेल, तर तेथील काम कोणालाही घराबाहेर न काढता हाती घेता येते. आधी मोरी आणि पन्हळी मोकळ्या करणे, मग शेड हटवून फरसबंदीचा उतार नीट करणे, त्यानंतर खांबांची तपासणी, असा क्रम योग्य ठरतो. खर्चाचा वाटा आणि चौकाचा वापर यांचा मालक व भाडेकरूंनी लेखी करार करणे आवश्यक आहे.

स्पेनमधील कोर्दोबा शहरात रहिवासी आपले फुलांनी सजवलेले चौक दरवर्षी लोकांसाठी खुले करतात. या उत्सवाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. तेथे चौक टिकले ते रहिवाशांच्या रोजच्या निगराणीमुळे. नाशिकच्या वाड्यांनाही प्रथम हवी आहे ती अशीच निगराणी, आणि तीही पहिल्या पावसाआधी.