हीरक महोत्सव आणि राजघराणें

राणी व्हिक्टोरियाचा हीरक महोत्सव १८९७ सालीं झाला. साठ वर्षें राज्य करण्याचा तसाच दुर्मिळ योग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना लाभला, आणि जानेवारी १९३६ मध्यें त्यांच्या प्रजेनें मोठ्या थाटानें तो साजरा केला.

नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा हा मुलगा. मल्हारराव पदच्युत झाल्यावर १८७५ सालीं महाराणी जमनाबाईंनीं त्यास दत्तक घेतलें, तेव्हां बारा वर्षांच्या या बालकास अक्षरओळखही नव्हती. पुढें त्यानेंच १८९३ सालीं अमरेली भागांत आणि १९०६ सालीं सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें.

महोत्सवांत वैभवाला उणें नव्हतें. उणें होतें तें घरांत. युवराज फत्तेसिंहराव १९०८ सालीं, शिवाजीराव १९१९ सालीं आणि जयसिंहराव १९२३ सालीं निवर्तले होते. चार पुत्रांपैकीं एकटे धैर्यशीलराव हयात होते. गादीचा वारसा फत्तेसिंहरावांच्या पुत्राकडे, प्रतापसिंहरावांकडे, जावयाचा होता. अशा वेळीं वृद्ध राजानें महोत्सवानिमित्त १ कोटी रुपये खेड्यांतील व गोरगरीब जनतेच्या उन्नतीसाठीं वेगळे काढले. आपल्या घरापलीकडेही आपला वारस आहे, हें जणूं त्यानें कृतीनें सांगितलें.

६ फेब्रुवारी १९३९ रोजीं सयाजीराव मुंबईस निधन पावले. १९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. दरबार व मिरवणुकी इतिहासजमा झाल्या. परंतु त्या शाळांतून जीं मुलें लिहूं-वाचूं लागलीं, त्यांची विद्या कोणत्याही विलीनीकरणानें हिरावली गेली नाहीं.