अक्कलदाढ आणि काडतूस

रिक्रूट असताना माझी अक्कलदाढ सुजली. तोंड उघडेना, भाकरी चावेना. पण ट्रेनिंगमध्ये मागे पडू या धास्तीने चार दिवस गप्प राहिलो. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या कानडी दोस्तानेच उस्तादांना सांगितले आणि दाढ निघाली.

पुढे वाचनातून कळले, शिपायाच्या दातांना मोठा इतिहास आहे. एन्फील्ड बंदुकीचे काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. त्याच काडतुसावरून १८५७ चा वणवा भडकला. पुढे मागून भरायच्या बंदुका आल्या आणि दातांचे हे काम संपले. पण दातदुखी संपली नाही. बोअर युद्धात (१८९९–१९०२) हजारो ब्रिटिश सैनिक दातांपायी निकामी झाले. तरीही त्या लष्कराचे स्वतंत्र ‘डेंटल कोर’ उभे राहायला १९२१ साल उजाडले. आपल्याकडे ते १९४१ मध्ये आले.

अक्कलदाढ येते साधारण सतरा ते पंचविशीत, म्हणजे नेमकी भरतीच्या वयात. सीमेवरच्या ठाण्यात ती ठणकली तर डॉक्टर कुठून आणायचा? म्हणून त्रास देणारी दाढ छावणीतच काढलेली बरी.

माझी दाढ गेली. दुखणे लपवू नये, ही अक्कल मात्र राहिली. ती दिली त्या कानडी दोस्ताने.