कर्जत-खालापूरचा वाल : एका उपेक्षित कडधान्याचा इतिहास

प्रस्तुत लेखात कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाल या कडधान्याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. वालाचे मूळ आफ्रिकेत मानले जाते; दक्षिण भारतात त्याचे पुरावे इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकापासून मिळतात.

भातकापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलाव्यावर वाल येतो आणि त्याच्या मुळांवरील गाठी जमिनीस नत्र देतात. १०० ग्रॅम वाळलेल्या दाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. भातात कमी असलेले लायसिन वालात विपुल असते, तर वालातील गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीव भात भरून काढतो. भिजवणे, मोड आणणे, सोलणे व शिजवणे या बिरड्याच्या कृतीने दाण्यांतील अपायकारक घटक घटतात. भात व वाल यांची जोडी शेताप्रमाणेच ताटातही परस्परपूरक ठरली.

१९२२ मध्ये भिवपुरी जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्याचे अवजल पुढे राजनाल्याने शेतीस मिळाले आणि कर्जतच्या त्या पट्ट्यात उन्हाळी भात शक्य झाले. पाण्याच्या सोयीने ओलाव्यावरील पिकाची निकड कमी केली. खालापुरात कारखानदारीने शेतजमीनच व्यापली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये आफ्रिकेच्या विस्मृत पिकांत वालाचा समावेश केला. येथे तो पोपटीत व बिरड्यात टिकून आहे. तथापि हंगामी चव म्हणून टिकणे निराळे आणि नित्याचे प्रथिन म्हणून टिकणे निराळे. आदिवासी पाड्यांवरील कुपोषणाचा विचार करताना हा भेद दुर्लक्षून चालणार नाही.